लाखात एक पेशी

डॉक्टर होफ्स्ट्रांनी संगणकाचा पडदा रीम्केकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने तळाशी सपाट पसरलेली एक रेघ दाखवली.

रीम्केच्या रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपीचे दोन फेरे झाले होते. पहिल्या फेऱ्यानंतरच सूक्ष्मदर्शकाखाली रोग दिसेनासा झाला होता, पण तेवढ्यावर कोणी विसंबून राहिलं नव्हतं. आज जिचा निकाल आला होता, ती तपासणी लाखभर पेशींत दडून बसलेली एखादी रोगट पेशीही हुडकून काढते. तशी सापडली असती, तर भावाच्या मूळपेशी घ्याव्या लागल्या असत्या. आणि त्या उपचारातून सगळेच सुखरूप बाहेर येत नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"काहीही सापडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणखी एक केमो, मग दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजू. भावाला सांगा, आता मोकळे आहात."

ग्रोनिंगनच्या रुग्णालयातून बसने ती थेट भावाच्या, डर्कच्या गोठ्यावर गेली. दूध काढायची वेळ होती. तिला दारात बघून डर्कने यंत्र बंद केलं. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याने हात पँटला पुसले, तिच्या खांद्यावर ठेवले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग डोळे टिपून पुन्हा गाईच्या सडांना यंत्र लावायला बसला.

"म्हणजे माझं काही लागणार नाही," तो गाईकडे बघत म्हणाला.

त्याच्या पेशी जुळतात हे कळलं, त्या दिवशी त्याने चाळीस वर्षांची सिगारेट सोडली होती. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बहिणीला धुरकटलेलं रक्त द्यायचं नाही, एवढंच तो बायकोला म्हणाला होता. त्या हिवाळ्यात कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच गोठ्यात त्याचा खोकला ऐकू आला नव्हता.

"चला, आज संध्याकाळी एक ओढतो मग," तो हसून म्हणाला. "आनंदाची."

शेजारची गाय रीम्केची बाही चाटत होती.

"एवढ्यात नको," ती म्हणाली. "दर तीन महिन्यांनी मोजणार आहेत. कधी काही दिसलं तर तूच लागशील. तयार राहायला सांगितलंय तुला."

"डॉक्टरीणबाईंनी?"

"हो."

डर्कने मान वर केली. त्याचा चेहरा उजळला होता, आणि ते लपवायला त्याने उगाच भुवया आक्रसल्या.

"मग राहतो. त्यात काय मोठं," तो म्हणाला. "पण हे असं मोजणं चालणार तरी किती दिवस?"

तिने रिकामी बादली उपडी केली आणि त्याच्या शेजारी तिच्यावर बसली.

"खूप वर्षं," रीम्के म्हणाली.