लिंबू आधी फुटलं

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. नऊ माणसं बसतील एवढी मोठी, आणि एकाच्याही भरवशाला पात्र न ठरलेली. तंजावूरहून ओरत्तनाडूला जाणाऱ्या रस्त्यालगत चिंचेखाली माझं धूड पडलंय. सीटवर कोंबड्या अंडी घालतात. कीव करू नका, आधी ऐका.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी धडधाकट होते. पण त्या वर्षांत किनाऱ्यावर कोळंबीची तळी उगवली आणि माणसं परदेशी पैशाला हपापली. मालकानं चार वर्षं माझ्यातून खाऱ्या पाण्याचे टब वाहिले. पाणी हिंदकळे, सांडे, चटईखाली मुरे. एकदा तरी गोड्या पाण्यानं धुवावं? छे! "पळतेय ना?" म्हणायचा. तळी बंद पडली तोवर माझी चासी, म्हणजे जिच्यावर सगळी गाडी उभी असते ती लोखंडी चौकट, पापडासारखी झाली होती. दलालानं तिला ठिगळ लावलं, काळा रंग फासला, वर नवी चटई अंथरली. झाले मी नवरी!

रंगराव नुकतेच निवृत्त झालेले कारकून. पत्नी सुंदरीबाईंचे गुडघे गेलेले, पाय लांब करूनच बसता येई. बसमध्ये ते जमेना. टॅक्सी वर्षातून एकदा परवडे, आणि ओरत्तनाडूला अंथरुणाला खिळलेली त्यांची आई रोज लेकीची वाट बघे. दर आठवड्याला आईकडे जाता यावं, एवढ्यासाठी रंगरावांनी निवृत्तीचे पैसे काढले. नव्या गाडीला ते पुरणार नव्हते. जुनी घ्यायची, तीही एकदाच.

शुक्रवारी सकाळी सगळे मला बघायला आले.

"अप्पा, सूर्यनारायण मेस्त्रीला येऊ दे. चटई उचलल्याशिवाय घ्यायची नाही," लेक भुवना रंगरावांना म्हणाली.

"साडेदहाला राहुकाल लागतो," रंगरावांचे चुलते अप्पाजी गरजले. "तुझा मेस्त्री काय राहूचा सासरा? नंबराची बेरीज बघ, सहा! शनीचा आठ असता तर मीच हाकलली असती."

"बेरजेवर गाडी चालत नाही, आजोबा."

"अय्यो, जीभ बघा पोरीची!"

दलाल गालात हसला. खरा राहू तोच होता, पण त्याची वेळ पंचांगात नव्हती.

कापूर पेटला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. मी पुढे सरकले आणि लिंबं फुटली. तेव्हा दहा पंचवीस झाले होते.

पावणेअकराला मेस्त्री आला. पाठीवर झोपून माझ्याखाली शिरला, हातोडीनं वाजवत गेला. ठण, ठण, ठण... आणि मग धप्.

"अण्णा, नको ही. आतून कुजलीय."

रंगरावांचा चेहरा उतरला. "लिंबू फुटलं रे, सूर्या."

"आठ आण्याचं लिंबू, अण्णा!"

"दारात आलेली लक्ष्मी परत पाठवली म्हणतील. सरि, सरि, असू दे, बघू पुढे."

मला ओरडावंसं वाटलं. पण मला हॉर्न दिलाय, तोंड नाही.

तीन आठवडे तीन फेऱ्या झाल्या. सुंदरीबाईंनी आईला हातानं भात भरवला. तेवढंच माझं पुण्य. चौथ्या खेपेला सकाळीच फोन आला, "आई तुझं नाव घेतेय, लवकर ये." निम्म्या वाटेत एका खड्ड्यात माझी चासी मोडली. नाक रस्त्याला टेकलं. कुणाला खरचटलंही नाही.

बस थांबली. कंडक्टरनं हात दिला. सुंदरीबाईंचा पाय पायरीवर टिकेना. बस गेली.

सोबत आलेले अप्पाजी पुटपुटले, "वेळ तर चांगली बघितली होती."

सुंदरीबाई रस्त्याकडेला पाय लांब करून बसून राहिल्या. एका टेंपोनं त्यांना पोचवलं, तोवर आईला अंगणात आणून ठेवलं होतं.

मित्रांनो, जुनी गाडी घ्याल तर आधी चटई उचला. मेस्त्रीला खाली झोपू द्या. लिंबू मागाहून ठेवा. आणि गाडी तुमची असेल तर तिला धुवा, तुमचं मीठ दुसऱ्याच्या घरात रंगवून पाठवू नका. राहुकाल दीड तासात संपतो. सुंदरीबाईंची आई त्या दिवशी अर्धा तासही थांबू शकली नाही.