आगारीतलं चीज

डब्यावरच्या कागदाचा एक कोपरा सुटून वर आला होता, आणि त्याखालच्या पत्र्यावर तिळाएवढा गंज धरला होता. वत्सलानं तो अंगठ्यानं घासून पाहिला. जाईना. पुढे डाळीचं मडकं, मिठाची बरणी, आणि त्यांच्या आड हा डबा… शेवटचा. सासू गेल्यापासून तीन महिने तिनं फडताळाच्या या कोपऱ्यात हात घातला नव्हता. आणि घातलाही नसता, पण सकाळी तिचा नवरा रतिलाल आंघोळ करून चुलीपाशी आला आणि बोलून गेला.

आज आखाजी, अक्षय तृतीया. सासू जसोदाबाई गेल्यानंतरची पहिली. तिच्या नावानं नवी घागर भरून झाली होती. आता निखाऱ्यावर तूप सोडून ताटातला घास ठेवायचा, आगारी द्यायची, की तो घास गेलेल्या माणसाला पोचतो. पुरण शिजत होतं, आंब्याचा रस काढून झाला होता. आणि नवरा म्हणाला, ‘‘मायले जे आवडे तेच ठेव. शेवटले शेवटले तू तिले खिचडीमा काय टाके, पिवळं… ते.’’ स्वयंपाकघरात कधी न डोकावणाऱ्या या माणसानं नेमकं तेवढंच पाहून ठेवावं!

तिचा भाऊ गिरधर नवापूरच्या स्टेशनात मालबाबू. लढाई संपली आणि गोऱ्या पलटणींचं उरलंसुरलं सुरतेच्या बाजारात ढिगानं येऊन पडलं – डिस्पोजलचा माल म्हणायचे – त्यातलं पोतंभर त्यानं बहिणीकडे आणून टाकलं. दुधाची भुकटी, सुकवलेल्या बटाट्याच्या चकत्या, बिस्किटं, आणि हे चीज. दारात दोन गायी नि एक म्हैस असलेल्या घरात दुधाची भुकटी आणणाऱ्या भावाला काय म्हणावं? चीज तर तिला कपड्यांचा साबणच वाटला होता. पहिला डबा फोडून तिनं एक वडी धोतराच्या काठावर घासलीसुद्धा. फेस येईना, उलट बोटं तुपकट झाली, ती तिनं नकळत चाटली… आणि मोरीत उकिडवी बसल्या बसल्या पुन्हा चाटली. खारट, दाट, जिभेवर रेंगाळणारं. कुणाला सांगायची सोय नव्हती.

मार्गशीर्षात जसोदाबाईला ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव घेऊन गेला. भाकरी माती लागते, दूध राख लागतं, म्हणायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची. नऊ दिवस पोटात पाण्याशिवाय काही नाही. शहाद्याच्या डॉक्टरांनी जे जाईल ते द्या म्हणून सांगितलं, आणि दहाव्या दुपारी वत्सलानं गरम खिचडीत चीजची एक पातळ चकती सोडली. ती विरघळली. म्हातारीनं एक घास घेतला, मग दुसरा, मग वाटी जवळ ओढली.

‘‘काय शे वं हाई?’’

‘‘आपली गायना दूधनं शे.’’

इतकं सहज निघालं तोंडातून. डब्यातलं म्हटलं असतं तर थुंकली असती. गळ्यात तुळशीची माळ, कांद्याची सुरीसुद्धा वेगळी ठेवणारी बाई. आणि तेव्हा खोटं तरी कितीसं होतं ते? दूध ते दूध, इथल्या गाईचं काय नि विलायतेतल्या गाईचं काय… मग सहा आठवडे रोज. कधी खिचडीत, कधी तव्यावरून उतरलेल्या भाकरीवर, तर कधी बटाट्याच्या चकत्या भिजवून त्यांच्यावर. म्हातारी दुपारची वाट पाहू लागली. एकदा वाटी अर्धी ठेवून म्हणाली, ‘‘तू बी खाय. मन्हा मोरे बसीसन खाय.’’ सोळा वर्षं वत्सला या घरात सगळ्यांच्या मागून, चुलीकडे तोंड करून जेवली होती, आणि कुणाला त्यात काही वाटलं नव्हतं, तिलाही नाही. त्या दिवशी सासूसमोर बसून तिला घास गिळता येईना. मग येऊ लागला. दोघी एका वाटीतून खायच्या, बोटांना तार सुटायची, आणि म्हातारी बोळक्या तोंडानं हसायची. माघात ती गेली.

तेराव्याला गिरधर सुपारी कातरत बसला होता. लष्करी गाडीतल्या एका खानसाम्याकडून ऐकलेली गंमत म्हणून त्यानं सांगितलं, की साहेब लोक ते चीज जमवायला वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात. वत्सला उठून गोठ्यात गेली. जसोदाबाईचा नियम होता – दोन आचळं वासराची, दोन घरची. वासरू ढुसण्या द्यायचं थांबेपर्यंत भांडं पुढे करायचं नाही. आणि तिला… मीच भरवलं. वासरू मारून काढलेलं, मीच, या हातानं, तिला आपल्या गाईचं म्हणून.

रतिलालला सांगावं तर आई माळ घालून निर्मळ तोंडानं गेली हे त्याचं समाधान जाईल, आणि पुन्हा आपल्या हातचं पाणी तो घेईल की नाही कोण जाणे. न सांगावं तर आज सणाच्या दिवशी तेच पुन्हा तिच्या तोंडी द्यायचं, तेही जाणूनबुजून. पुरणच ठेवावं… पण पुरण तिला शेवटी माती लागत होतं. त्या बाईला या जगातली एकच चव उरली होती, आणि ती ही.

कोयत्याच्या टोकानं तिनं डबा फोडला.

रतिलाल निखाऱ्यांपुढे हात जोडून बसला. तूप भडकलं, विझलं. पिवळा तुकडा आधी मऊ पडला, मग त्याला बुडबुडे आले, कडा तांबूस होऊ लागल्या, आणि त्याचा वास घरभर गेला. ‘‘माय, जेव,’’ रतिलाल म्हणाला. वत्सला भीतीची वाट पाहत होती. काहीतरी होईल, निदान आपल्याला मळमळेल… पण तिच्या तोंडाला पाणी सुटलं. मेल्या माणसाच्या घासावर जीभ जावी याची तिला भयंकर लाज वाटली, आणि ती लाज गिळता गिळता तिला रडू आलं; तेरा दिवस रीत म्हणून रडली होती त्यापेक्षा वेगळं, दुपारी समोर बसायला कुणी नाही म्हणून आलेलं.

रतिलालनं डोळे पुसले. ‘‘कसं बनाडस हाई? माले सांगी ठेव. दर आखाजीले ठेवूत.’’

सांगून टाकलं तर पाप हलकं होईल, हे तिला कळत होतं. पण मग ते नवऱ्याचं होईल, भटजींचं होईल, प्रायश्चित्त होऊन मिटून जाईल… आणि त्या सहा आठवड्यांतलं दोघींचं असं काही उरणार नाही. तो तिच्याकडे पाहत होता. वत्सला पदरानं तोंड पुसत राहिली.