जिजाने ठेवलेला कागद

सुनेचं, हेमांगीचं, ओटीभरण होतं त्याच सकाळी जिजा दवाखान्यातून तिचा रिपोर्ट घेऊन आली. नर्सने लाल पेनाने रेघ ओढून बजावलं होतं, "योनीमार्गात जंतू निघालेत. तिला त्रास नाही, पण बाळाला बाधू शकतात. कळा सुरू झाल्या की लगेच हा कागद दाखवा. शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं, बाळ यायच्या निदान चार तास आधी."

कामणला घरी पाहते तर पडवीत सुनेच्या माहेरच्या बायका. हेमांगीने सगळ्यांसमोरच विचारलं, "आई, रिपोर्ट?"

जंतू, आणि तेही तिथले. विहीणबाई काय म्हणतील?

"चांगला हाय," जिजा म्हणाली आणि कागद साड्यांखाली सारला. संध्याकाळी सुनेला एकटीला गाठून सांगणार होती. पण दुसऱ्या दिवशी अमावस्या, म्हणून माहेरच्यांनी जेवणं आटोपताच मुलीला फुलपाड्याला नेलं. पुढे रोज फोन व्हायचा आणि रोज पलीकडे कुणीतरी बसलेलं असायचं. बाळंतपणाला अजून तीन आठवडे आहेत, असं जिजा स्वतःला समजावत राहिली. एरवी इतकी खमकी बाई, पण लोकलाजेपुढे तिचं काही चाललं नाही.

नवव्या दिवशी सकाळी मुलाचा, हितेशचा, फोन आला. हेमांगीला पहाटेपासून कळा येत होत्या, तिला विरारच्या हॉस्पिटलात आणलं होतं.

जिजाने साड्यांखालचा कागद ओढून काढला. "हितेश, पयले आईक. तिचे अंगान जंतू हायेत. डाक्टरला सांग, इंजेक्शन द्याला लागंल. कागद मी घेऊन येतंय."

इंजेक्शन दिलं, पण बाळ दीड तासातच आलं. मुलगी झाली. दुपारी तिला धाप लागली आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं. रक्त तपासायला गेलं होतं. दोन दिवस काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

जिजा खोलीत शिरली तेव्हा विहीणबाई लेकीला बोलत होत्या. "किती वेला सांगलं, बाहेरचा खाव नको, सोच्छ राव. आता बघ."

"माझंच चुकलं असेल," हेमांगी रडत म्हणाली.

जिजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागद कधी मिळाला, हे अजून कुणी विचारलं नव्हतं; गप्प राहिली असती तर निभावलं असतं, हेही तिला कळत होतं.

"तिला बोलू नका," ती म्हणाली. "नर्सनी मना नव दिस आधी सांगलेला. कागद मी लपवला."

हेमांगी रडायची थांबली. बाळाला बघायला जायचं म्हणून ती पलंगावरून उतरली. जिजाने हात पुढे केला. तो न धरता ती भिंतीच्या आधाराने निघाली.