मृत्तिकानाथांची सिद्ध कुंडी

सिंहगड रस्त्यावरच्या शारदाकुंज सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी वार्षिक सभेला ज्यांची वाट बघत बसावं लागतं, ती सगळी माणसं आज सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसली होती. समोर पांढऱ्या चादरीवर मृत्तिकानाथ महाराज आणि त्यांच्यापुढे कुंडीत पीस लिली, घरात ठेवतात ते शोभेचं झाड. तिची पानं कडेवरून पार खाली लोंबत होती.

"मेलेलं झाड आहे. हात लावून बघा," महाराज म्हणाले.

चेअरमन तात्यारावांनी हात लावला आणि गंभीरपणे मान हलवली. महाराजांनी कुंडीत चिमूटभर 'सिद्ध माती' टाकली, वर तांब्याभर तीर्थ ओतलं आणि प्रवचनाला हात घातला. "माती म्हणजे काय? मदर! मदरला व्हायब्रेशन असतं. अमेरिकेतले शास्त्रज्ञ आता प्रयोगशाळा सोडून उकिरड्यापुढे हात जोडतायत!"

प्रवचन झालं, भजन झालं, आरती झाली. तोवर लिलीची पानं ताठ उभी राहिली होती. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तात्यारावांनी लोटांगण घातलं.

मग घरोघरी सिद्ध कुंड्या गेल्या. दक्षिणा अर्थातच ऐच्छिक, फक्त किती ते महाराजांचा शिष्य सांगत होता. नियम कडक. रोज न चुकता तांब्याभर पाणी. कुंडीच्या बुडाला चिकटवलेलं यंत्र काढायचं नाही, काढलं तर कोप. "ज्या घरात दोष, तिथं झाड गळेल. मी काही बोलणार नाही, झाडच बोलेल," महाराज म्हणाले.

शेफालीच्या घरी कुंडी सासूबाईंनी आणली. पावसाळ्यात शेफालीचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता. गुणसूत्रांमध्ये बिघाड होता, यात कुणाची चूक नसते, असं डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं होतं. शेफालीला ते पटलंही होतं. तरीही ती रोज सकाळी आंघोळ करून त्या झाडाला पाणी घालायची. निदान हे तरी जगू दे, म्हणजे घरातलं बोलणं थांबेल.

झाड पिवळं पडायला लागलं. तिनं पाणी वाढवलं, एकाचे दोन तांबे केले. पानं मान टाकून पडली.

"मी काही म्हणत नाही हो," सासूबाई म्हणाल्या, "झाड म्हणतंय."

"अगं, इग्नोर कर ना," शेफालीचा नवरा पुष्कर लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला.

सोसायटीत आणखी बऱ्याच झाडांची हीच गत होती, पण जो तो ते लपवत होता. वरच्या मजल्यावरच्या भाग्यश्रीचं झाड मात्र टवटवीत होतं. ती पुण्यवान ठरली. नोकरीमुळे ती सतत फिरतीवर असायची आणि झाडाला पाणी घालायचं तिच्या लक्षातच राहायचं नाही, हे कुणी विचारात घेतलं नाही.

शिष्याचा निरोप आला. येत्या रविवारी महाराज दोषनिवारण करतील, सुनेला काही महिने माहेरी ठेवावं लागेल. सासूबाईंनी पुष्करला बॅग काढायला सांगितली. त्यानं ती काढलीसुद्धा.

ती बॅग बघून शेफाली कुंडी उचलून तडक जिन्यात आली. तिला कुंडी फेकूनच द्यायची होती. शेजारच्या दारात रशीदा अत्तार उभ्या होत्या. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या.

"पाणी किती घालतेस गं?"

"रोज दोन तांबे. तरी सुकतंय, मॅडम."

"सुकत नाहीये, बुडतंय." मॅडमनी मातीत बोट खुपसून नाकाशी नेलं. "आंबूस वास येतोय बघ. नुसती काळी माती भरलीय. शेतात उत्तम, पण कुंडीत पाणी धरून बसते. मुळांना हवाच मिळत नाही, ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढणार कशी? म्हणून पानं लोंबतात. खालचं भोक बघू."

"तिथं यंत्र आहे. काढलं तर कोप होतो म्हणे."

"झाला तर मी शेजारीच आहे."

शेफालीनं नखानं यंत्राचा कोपरा उचलला. आत भोक होतं आणि ते सिमेंटनं गच्च बुजवलेलं होतं.

ती म्हणाली, "मॅडम, मी रात्र-रात्र स्वतःला विचारत होते, माझ्यात काय वाईट आहे म्हणून."

"रविवारी मी येते बोलायला."

"नाही. बोट माझ्याकडे दाखवलंय, मीच बोलणार. तुम्ही फक्त एक सांगा, ते मेलेलं झाड कसं उठलं?"

रशीदा मॅडम हसल्या. "ते मेलेलं नव्हतं, तहानलेलं होतं."

रविवारी महाराजांनी पुन्हा लोंबलेली लिली पुढे ठेवली. शेफालीनं तिच्या शेजारी दुसरी ठेवली. मॅडमच्या घरची, मुद्दाम पाण्यावाचून राखलेली, तशीच लोंबलेली.

"महाराज, तुम्ही तीर्थ घाला. मी नळाचं घालते. खडकवासला धरणाचं."

हॉलमध्ये कुजबुज झाली. महाराज हसले, पण आरती संपेपर्यंत त्यांचं हसू मावळलं होतं. दोन्ही झाडं सारखीच ताठ झाली होती.

"ही माझ्या सान्निध्याची स्पंदनं!" महाराज गरजले.

"असं? मग याला उठवा." शेफालीनं आपली कुंडी त्यांच्यापुढे आदळली. "माती तुमची, कुंडी तुमची, स्पंदनंही तुमचीच. उठवा."

"पापी हाताचं झाड उठत नसतं!"

"शेफाली, घरी चल!" सासूबाई ओरडल्या. तात्याराव रशीदा मॅडमकडे वळले. "अहो, तुम्ही हिला फूस लावलीत. तुमच्या धर्मात नाक खुपसतो का आम्ही?"

"खुपसा की," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आमच्याकडेही ताईत विकणारे आहेत. त्यांच्याशीही मी भांडते. सोबत आलात तर बरंच होईल."

तेवढ्यात शेफालीनं कुंडी उलटी केली. चिकट काळा चिखल पांढऱ्या चादरीवर पडला. घाण वास सुटला, पुढच्या रांगेनं नाकं दाबली. चिखलात तपकिरी, लिबलिबीत मुळं होती. तिनं यंत्र ओरबाडून काढलं आणि कुंडीचं बूड सगळ्यांपुढे धरलं.

"हे सिमेंट बघा. पाणी बाहेर जायला जागाच ठेवली नाही, आणि वर रोज तांब्या ओतायला सांगितलं. ज्यांनी श्रद्धेनं पाणी घातलं त्यांची झाडं मेली. जे विसरले ते पुण्यवान ठरले! विचारा भाग्यश्रीला."

"खरंय," भाग्यश्री उभी राहिली. "मी महिन्यात तीनदा पाणी घातलं असेल."

एकेक जण उठून घरी गेला आणि कुंडी घेऊन आला. यंत्र काढलं की प्रत्येक बुडाला सिमेंट. शिष्य चपला शोधू लागला. महाराजांना 'अचानक ध्यानाची वेळ' आठवली, पण भाग्यश्रीनं दार लावून घेतलं आणि पोलिसांना फोन केला.

सासूबाई चिखलाकडे बघत होत्या. "तू रोज आंघोळ करून घालायचीस गं पाणी," एवढंच त्या पुटपुटल्या. शेफालीनं त्यांना लगेच माफ केलं नाही. पुष्करलाही नाही. तिनं सांगितलं, "ती बॅग ज्यानं काढली, त्यानंच आत ठेवायची."

संध्याकाळी पार्किंगमध्ये रशीदा मॅडमनी तांबडी माती, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जाड वाळू आणि गांडूळखत यांचं मिश्रण करून दाखवलं. कुंडीला भोक, भोकावर खापरीचा तुकडा आणि मातीत बोट घालून वरचा थर कोरडा लागला तरच पाणी. मंत्र एकही नाही.

झाड मेलं तर माती तपासा, गर्भ पडला तर डॉक्टरांना विचारा. उत्तर कधी मिळेल, कधी मिळणार नाही. पण उत्तर नाही म्हणून समोरच्या बाईला दोषी धरायचा अधिकार कुणालाही नाही, ना महाराजाला, ना सासूला, ना मुकाट बसलेल्या नवऱ्याला. आणि जो सांगतो की याच्या खाली बघू नका, त्याच्या खाली सगळ्यात आधी बघा.