रस्त्यात दोन हात पुढे आलेला बाक

मित्रांनो, मी सात फुटांचा सागाचा बाक होतो. आता साडेपाच फुटांचा आहे. उरलेला दीड फूट कुठे गेला, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

मला उदगीरच्या भीमाशंकर सुताराने घडवले. नागम्माच्या वडिलांनी लेकीच्या लग्नात आहेर म्हणून मला दिले. ते म्हणाले होते, "दोघं बसा, अन् दारी आलेल्या तिघाचौघांनाही बसवा." धान्याच्या पोत्यांवर आडवा पडून मी ट्रकमधून लातूरला आलो. नागम्माचे पती शिवलिंगअप्पा यांचे बाजारात दोरखंड, सुतळी आणि बारदानाचे दुकान होते. दुकान अरुंद, जेमतेम पावणेसहा फूट रुंद. मी आत मावलो नाही, म्हणून मला बाहेर पायरीलगत ठेवले. तिथे मी एकेचाळीस वर्षे होतो.

दुपारी चार वाजता नागम्मा वरच्या मजल्यावरच्या घरातून खाली यायची. हातात पाण्याने भरलेला तांब्या असायचा. ती माझ्या डाव्या टोकाला बसायची आणि तांब्या शेजारी ठेवायची. एकाच जागी रोज ओला तांब्या ठेवल्याने माझ्यावर काळा गोल डाग पडला आहे. उजव्या टोकाला अप्पा बसायचे. मधल्या जागेत निवृत्त शिक्षक ज्ञानोबा गुरुजी आणि येणारे-जाणारे.

बोलणे राजकारणाचेच असायचे. मी मुंबई पाहिली नाही, पण मंत्रिमंडळ किती वेळा बदलले ते मला ठाऊक आहे. अप्पा जुन्या विचारांचे. त्यांचे म्हणणे सरळ होते. सरकारने रस्ता, पाणी आणि दिवे बघावेत. बाकीचे घराने, मठाने आणि बाजाराने बघावे. फुकट वाटून मते घेऊ नयेत. नियम एकच असावा आणि तो सगळ्यांना असावा.

"पक्ष म्हंजे घर हाय, गुरुजी," ते म्हणायचे. "सकाळी ह्या घरात, दुपारी त्या घरात, असल्या माणसाला आमचं मत न्हाई."

"मग कुणाला देता, अप्पा? घरात ऱ्हायलंय कोण?" गुरुजी हसायचे. गुरुजींचे मत वेगळे. सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते शिकले होते. "तुमचा मठ अन् बाजार आमच्या वस्तीत कवा आला हो? आमच्याकडं सरकारच आलं. तेबी उशिरा."

मग नागम्मा म्हणायची, "गुरुजी, ह्यांचं मत एकाला अन् शिव्या सगळ्यांला. तुमी पाणी प्या."

तीन वर्षांपूर्वी अप्पांनी एक अर्ज लिहिला. बाजारातला रस्ता आक्रसत चालला होता. हातगाड्या, पत्र्याची शेड, नेत्यांच्या वाढदिवसाच्या फलकांचे सांगाडे. एकदा रुग्णवाहिका अडकली होती. तेव्हा महापालिकेत नगरसेवक नव्हते. मुदत संपली होती आणि निवडणूक लागत नव्हती. प्रशासक कारभार बघत होते. म्हणून अप्पांनी थेट प्रशासकांना लिहिले, की दुकानांच्या रेषेबाहेरचे सगळे काढा, कुणाचेही असो, कुणाची भीड धरू नका. तो कागद त्यांनी माझ्यावरच ठेवून लिहिला. बाजारातल्या दुकानदारांच्या सह्याही माझ्यावरच झाल्या.

नागम्माने विचारले, "अवो, अर्जात ह्या बाकाचं काय लिवलंत?"

"बाक म्हंजे काय अतिक्रमण हाय का?" अप्पा म्हणाले. "बसायची जागा हाय ती. तू सही कर."

"अय्यो, मी इचारलं हो नुसतं," ती म्हणाली आणि तिने सही केली. ती कर्नाटकाच्या सीमेजवळच्या गावची, कन्नड शाळेत शिकलेली. सगळ्या मराठी सह्यांच्या खाली तिची गोल अक्षरांची एक सही.

त्या वर्षी पौषात नागम्मा गेली. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी काहीच नाही. लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणे तिला बसलेल्या स्थितीत पुरले. परत आल्यावर अप्पा माझ्या उजव्या टोकाला बसले. डाव्या टोकाला कुणी बसत नव्हते. कुणी सांगितले नव्हते, तरी नाही.

गेल्या वर्षी अर्जाचे उत्तर आले. उत्तर म्हणजे एक पथक, एक ट्रक आणि समीक्षा मॅडम नावाच्या तरुण अधिकारी. त्यांनी चुन्याची रेषा मारायला लावली. रेषा माझ्या मागून गेली. मी दोन हात रस्त्यात होतो. शेड निघाली, फलकांचे सांगाडे निघाले. कुणालाही सोडले नाही. अप्पांनी मागितले होते अगदी तसेच.

"काका, बाक तुमचा?" मॅडमनी विचारले.

"हाव."

"आत घ्या. दोन दिवस थांबते मी. नाहीतर ट्रकमध्ये घालावा लागेल." मग त्यांनी फायलीतला कागद दाखवला. "या रस्त्याचा अर्ज तुमचाच आहे ना?"

अप्पांनी कागद हातात घेतला. स्वतःचे अक्षर त्यांनी पाहिले नाही. तळाची गोल अक्षरे पाहत उभे राहिले.

गुरुजी म्हणाले, "अप्पा, माझा पुतण्या मंत्रालयात हाय. एक फोन लावतो. बाकासाठी कोण अडवतंय?"

"नगं, गुरुजी."

"अवो, वहिनींची जागा हाय ती!"

"म्हणूनच नगं. तिची सही हाय ह्या कागदावर. दुसऱ्यासाठी वशिला नगं म्हणलो, आता माझ्यासाठी लावू? तिची सही मी खोटी पाडू?"

गुरुजींनी फोन खिशात ठेवला.

वरच्या घराचा जिना वळणाचा, तिथून मी चढत नव्हतो. मठात द्यावे तर कुणीही त्या टोकाला बसले असते. शेवटी बजरंग सुताराला बोलावले. त्याने माझे माप घेतले आणि दुकानाचे घेतले.

"दीड फूट जाईल, अप्पा. ही डावी बाजू कापतो. डाग पडलाय, कडाबी झिजल्यात."

"ती न्हाई. उजवी काप."

"उजवी तर चांगली हाय की!"

"हाय चांगली. तरी तीच काप."

बजरंगने करवत लावली. मित्रांनो, लाकडाला दुखते की नाही ते मी सांगत बसत नाही. अप्पा शेवटपर्यंत समोर उभे होते.

आता मी दुकानात आडवा, भिंतीला टेकून आहे. माझ्या उरलेल्या उजव्या भागावर सुतळीचे बंडल ठेवलेले असतात. बाहेर रस्ता मोकळा झाला आहे. रुग्णवाहिका सरळ जाते. अप्पा म्हणतात, "रस्ता चांगला झाला," आणि ते खरे आहे. माझ्या जागेवर आता मोटारसायकली उभ्या असतात. गुरुजी येतात, पायरीशी दोन मिनिटे उभे राहतात. आत बसायला जागा नाही आणि उभ्याने वाद होत नाही. मग ते जातात.

यंदा निवडणूक झाली. उमेदवार हात जोडून आले, पत्रके देऊन गेले. अप्पा मत देऊन आले आणि शाई लागलेले बोट माझ्या कडेवर ठेवून उभे राहिले. मत कुणाला दिले, हे त्यांना कुणी विचारले नाही. चिडवलेही नाही.

मित्रांनो, मला रोज पुसा, पॉलिश करा, असे मी म्हणणार नाही. एवढेच सांगतो. नियम सगळ्यांना सारखा हवा, हे अप्पांचे म्हणणे मला आजही पटते. पण कागदावर सही करण्याआधी शेजारी बसलेले माणूस काही विचारत असेल, तर हातातले पेन थोडे थांबवा. नीट उत्तर द्या. प्रश्न नंतरही शिल्लक राहतो. विचारणारे राहत नाही.

चार वाजले की अप्पा स्वतः जिना चढून जातात, तांब्या भरून आणतात आणि त्या काळ्या डागावर ठेवतात. त्यांची जागा कापलेली आहे, म्हणून ते उभेच असतात.