पंचशीलाची दुसरी बाजू

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. निलंगा तालुक्यातल्या एका शाळेच्या अडगळीत मला भिंतीकडे तोंड करून उभं केलंय. माझ्या अंगावरचं एक वाक्य काही केल्या पुसलं जात नाही, म्हणून ही शिक्षा.

सुताराने सागवानी फळ्या जोडून मला घडवलं. दर शनिवारी मुलं कोळशाची पूड आणि घोसाळ्याचा पाला चोळून मला काळाभोर करत. आठवीला इंग्रजी शिकवणारे विरूपाक्ष सर मोठे हौशी. प्रत्येक मुलाने माझ्या डावीकडे उभं राहून इंग्रजीतून वर्गाला एखादी गोष्ट पटवायची, मग उजवीकडे येऊन तिच्याच विरुद्ध बोलायचं, असा त्यांचा नियम. बाकीची पोरं ततपप करायची. पंचशीला नावाच्या मुलीपुढे मात्र कुणाचा टिकाव लागत नसे.

बहात्तरच्या दुष्काळात तिची आई गुणाबाई तिला न्यायला वर्गाच्या दारात आली.

"सर, पोरगी हुशार हाय, ठाव हाय मला. पर खडीच्या कामावर घमेलं उचलाया दुसरं कोण न्हाई."

सरांनी पंचशीलाला माझ्या डावीकडे उभं केलं. शाळा का सोडू नये, हे ती इंग्रजीत बोलली आणि आईसाठी पुन्हा मराठीत. गुणाबाईने पदराने डोळे पुसले.

"बरं, ऱ्हा मग," म्हणून ती वळलीसुद्धा.

तिथंच थांबायचं होतं हो! पण सरांनी सवयीने हात केला आणि पंचशीला उजवीकडे आली. तिने माझ्यावर इंग्रजीत लिहिलं, 'माझी आई एकटी आहे.' मग ती बोलत गेली, आणि बोलता बोलता तिचं तिलाच पटलं. खडू ठेवून ती आईमागे निघाली. दारात थांबून तिने सरांकडे पाहिलं. सरांच्या तोंडून शब्द फुटला नाही. ती पुन्हा शाळेत आली नाही.

त्या वर्षी पाला कुठला? कोरड्या अंगात तिची अक्षरं रुतून बसली. कितीही सारवलं तरी दुपारचं ऊन तिरपं पडलं की ती वर येत आणि पोरं बिचकत. सरांनी दुसऱ्या बाजूचा नियमच बंद केला.

पुढे लातूर जिल्हा झाला, नवे फळे आले, मी अडगळीत पडलो. निवृत्तीच्या दिवशी सर इथं आले. मला स्वतःकडे वळवून, त्या अक्षरांवर हात ठेवून अडगळीच्या रिकाम्या दाराकडे बघत म्हणाले, "पंचशीला, थांब. माझं सांगायचं राहिलंय."

अजूनही त्या दारात कुणीतरी थांबल्याचा भास मला होतो.

मित्रांनो, फळ्याला जपाच. पण जाणारं माणूस दारात थांबून वळून बघत असेल, तर गप्प राहू नका. मला तेव्हा बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.