कंदुरी पुढं ढकलणारा निबंध

मी शोधनिबंध बोलतोय. नाव लांबलचक आहे, सांगत बसत नाही. जालन्याच्या एका रुग्णालयात मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टर आहेत, सत्यशीलाबाई. लहान मुलांना आकडी येते, त्यावर त्यांनी मला लिहिलं. आणि सध्या मला घडीभर चैन नाही.

माझं मूळ टेंभुर्णी गावात, रुग्णालयाच्या तपासणी-गोळ्यांच्या शिबिरात. डॉक्टर दर महिन्याला तिथं जातात. गोळ्यांनी आकडी थांबलेली पोरं काही दिवसांनी पुन्हा तीच तक्रार घेऊन यायची. का, ते कळेना. मग एकदा गोपिकाबाई नातीला, अंजूला घेऊन आल्या.

"गोळी का बंद केली, आजी?"

"कंदुरी केली ना, बाई! देवीला बोकड दिलं, भावकी जेवू घातली. आता गोळी चालू ठेवली तर देवी म्हनंल, हिचा माझ्यावर भरोसाच न्हाई!"

घ्या! नवस फिटला की गोळी बंद. पुष्कळ घरांत हेच चाललेलं. डॉक्टर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, नवस पुन्हा बोला. पण कंदुरी कधी? आकडी न येता दोन वर्षं गेली की. मग गोळी मीच हळूहळू कमी करीन."

गोपिकाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "देवीला कुठं घाई हाय? चालंल."

मग डॉक्टर प्रत्येक घरी हेच सांगू लागल्या, आणि गोळ्या चालू राहिल्या. हे सगळं माझ्यात छापलंय. छापून आलो तेव्हा वाटलं, आता मोठमोठे डॉक्टर माझं नाव घेतील. दुसऱ्याच्या निबंधात आपलं नाव आलं की त्याला सायटेशन म्हणतात, आमच्या जातीत सगळा मान त्याचाच. पण कसलं काय! मोठ्या शहरांतले निबंध एकमेकांची नावं घेत बसलेत. मी आपला रोज आकडा बघतोय. शून्य. थोड्या वेळानं पुन्हा बघतो. शून्यच.

एकदा एक आलं! नाचायचंच बाकी होतं. बघतो तर डॉक्टरांच्याच नव्या निबंधात माझं नाव. स्वतःच्या लग्नात स्वतःच आहेर करावा तसं झालं. ते धरतच नाहीत.

परवा रुग्णालयाच्या समितीच्या साहेबांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. "मॅडम, याची कुणी दखलच घेतली नाही. मग शिबिर कशाला चालवायचं? दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर बंद." डॉक्टरांनी वहीत दिवाळीची तारीख लिहून घेतली. मला मात्र असा संताप आला! अहो साहेब, वाचा तरी आधी!

काल शिबिरात गोपिकाबाई आल्या होत्या. वर्षापूर्वी तापात अंजूला एकदा आकडी आली, म्हणून दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून धरलीत. शिबिर बंद पडणार, हे त्यांच्या कानावर गेलेलं.

"मंग गोळ्या कुठून आनू, बाई? जालन्याला यायचं तर माझ्या लेकाचा, म्हस्कूचा, दिसाचा रोज बुडतो. बोकड तर दावनीलाच हाय. करून टाकू का कंदुरी?"

"नका, आजी," डॉक्टर घाईनं म्हणाल्या. त्यांनी महिनाभराच्या गोळ्या मोजून आजींच्या हातात दिल्या.

मंडळी, मला मानाची हाव आहे, खोटं कशाला बोलू? पण आता हात जोडून मागतोय. तुमच्यात कुणी डॉक्टर असेल, काही लिहीत असेल, तर तळाशी बारीक अक्षरात का होईना, एकदा माझं नाव घ्या. जल्दी करा. अंजूचं अजून एक वर्ष बाकी आहे.